साफ केलेला ३८६ पावसाळ्यात पुन्हा का बंद पडतो?

तक्रार नेहमी साधारण अशी असते. जुना २८६, ३८६ किंवा ४८६ पीसी (हे आकडे त्यातल्या प्रोसेसरचे) हिवाळ्यात खोलला, मदरबोर्डवरची गळलेली बॅटरी काढून टाकली, हिरवट-पांढरे डाग टूथब्रशने घासले आणि मशीन सुरू झालं. एप्रिलपर्यंत काही त्रास नाही. जून लागला की कीबोर्ड मध्येच दगा देतो, ‘कीबोर्ड एरर’ दिसू लागतो आणि मग एखाद्या दिवशी पंखा फिरतो, हार्ड डिस्क फिरते, पण स्क्रीन काळीच. बीपसुद्धा नाही. दिवाळीच्या सुमारास तेच मशीन हात न लावता पुन्हा चालू होतं आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच.

मधल्या काळात रॅम काढून खोडरबराने घासली जाते, कार्डं हलवून बसवली जातात, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलला जातो. या खटपटीत बोर्ड जरा हलतं, जरा तापतं आणि कधी कधी चालूही होतं, म्हणून संशय भलतीकडेच जातो. खरं तर बहुतेक वेळा नवीन बिघाड झालेलाच नसतो. जुनीच गळती बोर्डवर शिल्लक असते आणि मुंबईची हवा तिला दरवर्षी ओलं करते.

ही बॅटरी बोर्डवर आली कशी, हे आधी पाहू, कारण दुरुस्तीचा अर्धा विचार त्यातच आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत, म्हणजे मॉडेल ५१५० मध्ये, सेटिंग जपणारी बॅटरीच नव्हती. मेमरी किती, फ्लॉपी ड्राइव्ह किती, हे बोर्डवरच्या बारीक डिप स्विचनी ठरायचं आणि तारीख-वेळ डॉस सुरू होताना हाताने टाकायची. १९८४ च्या पीसी एटीत मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही घड्याळाची चिप आली. तिच्यात ६४ बाइट मेमरी होती. त्यातले १४ बाइट घड्याळाच्या कामाचे, उरलेले ५० मशीनच्या सेटिंगसाठी. मशीन बंद असताना हे ६४ बाइट टिकवायला बॅटरी हवी. आयबीएमने ती लिथियमची ठेवली आणि बोर्डपासून लांब, वायरने जोडली. आयबीएमसारखेच पीसी, म्हणजे क्लोन, बनवणाऱ्यांनी मात्र ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी, छोट्या पिंपाच्या आकाराची, सरळ बोर्डवरच सोल्डर केली. मशीन चालू असताना ती आपोआप चार्ज होते, बदलायची कटकट नाही. पाच-सात वर्षांसाठी ही सोय चांगलीच होती. तीस-पस्तीस वर्षांचा विचार तेव्हा कुणी केलाच नव्हता.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली. त्यानंतर एचसीएल, विप्रो आणि मुंबईच्या झेनिथसारख्या कंपन्यांचे पीसी ऑफिसांत दिसू लागले. नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवर तैवानी बोर्ड घालून जोडलेली ‘असेंबल्ड’ मशीन आली. गिरगावातल्या छापखान्यातून किंवा फोर्टमधल्या सीएच्या ऑफिसातून आज एखादा ३८६ हाती लागला, तर त्यात बोर्डवर सोल्डर केलेली अशी बॅटरी असण्याची शक्यता दाट आहे.

आता मूळ कारण. निकेल-कॅडमियम बॅटरीत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. हा तीव्र अल्कली आहे. आवरण फुटल्यावर तो फक्त खाली ठिबकत नाही, तांब्याच्या ट्रॅकवरून सरकत जातो, हिरव्या रंगाच्या थराखाली शिरतो, दोन बाजू जोडणाऱ्या बारीक भोकांत उतरतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचं पोटॅशियम कार्बोनेट बनतं, तीच ती पांढरी भुकटी. हे कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतं. २५ अंश तापमानाला सापेक्ष आर्द्रता ४३ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच ओढलेल्या पाण्यात विरघळू लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं तसंच, फक्त त्याहून खूप लवकर, कारण मिठाला त्यासाठी ७५ टक्के आर्द्रता लागते. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८० च्या पुढे असते. हिवाळ्याच्या दुपारी ती बरीच उतरते, तेव्हा उरलेलं कार्बोनेट जेमतेम ओलसर राहतं. दमटपणा वाढेल तितकं ते जास्त पाणी ओढतं आणि ते पाणी वीजवाहक असतं.

म्हणजे जून ते सप्टेंबर त्या बोर्डवर शेजारशेजारच्या ट्रॅकमध्ये न दिसणारा ओला पूल तयार होतो. कीबोर्डच्या क्लॉक आणि डेटाच्या लाइनी काही किलोओहमच्या रेझिस्टरने वर धरलेल्या असतात, त्यांना खाली ओढायला विजेची एवढी गळती पुरते. कीबोर्डचं सॉकेट आणि कीबोर्ड कंट्रोलर, म्हणजे ८०४२ जातीची चिप, बहुतेक बोर्डांवर बॅटरीच्या अगदी जवळ असतात. म्हणून पहिला बळी कीबोर्डचा. टॉवर कॅबिनेट असेल तर बॅटरी वर आणि कार्डं बसवायचे आयएसए स्लॉट खाली, त्यामुळे ओघळ थेट स्लॉटमध्ये जातो. रीसेटची लाइन या ओलीत सापडली तर मशीन काळ्या स्क्रीनवरच अडकतं.

एक खूण मात्र याच्याही आधी दिसते आणि ती फार उपयोगाची आहे. घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल बॅटरीच्या आसपासच असतो आणि त्याचं सर्किट इतकं नाजूक असतं की जराशा ओलीनेही ते मंदावतं किंवा थांबतं. जूनच्या सुरुवातीला डॉसमध्ये वेळ मागे पडताना दिसली, तर कीबोर्ड जायची वाट पाहू नका. तेव्हाच बोर्ड बाहेर काढा.

दोष हाच आहे का, हे तपासायचं कसं?

लाल लिटमस कागद आणा. शाळेला प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळतो, प्रिन्सेस स्ट्रीटला तर सहज. डिस्टिल्ड वॉटरच्या थेंबाने ओला करून बॅटरीची जागा, कीबोर्ड सॉकेटच्या पायाशी, ८०४२ च्या खाली, पहिल्या स्लॉटच्या टोकाशी दाबून धरा. निळा झाला की अल्कली तिथे आहे, डोळ्यांना बोर्ड कितीही स्वच्छ दिसो. जोडीला दुसरी परीक्षा: त्याच भागावर हेअर ड्रायरची मंद गरम हवा दहा मिनिटं द्या. बंद मशीन चालू झालं आणि काही तासांनी पुन्हा पडलं, तर संशय उरत नाही.

साफसफाईत बहुतेक जण अडखळतात ते पदार्थाच्या निवडीत. खाण्याचा सोडा वापरायचा सल्ला सर्रास मिळतो. तो गाडीच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी बरोबर आहे, कारण तिथे आम्ल असतं. इथे अल्कली आहे, त्यावर सोडा घालून काही साधत नाही. इथे सौम्य आम्ल हवं: किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर. लिंबूही चालतं, पण त्यातली साखर आणि गर मागे राहतो, म्हणून मी व्हिनेगरच सुचवतो. नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारूनही भागत नाही. त्यात हे कार्बोनेट नीट विरघळत नाही, फक्त जागा बदलतं. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि गंजाचे स्प्रे बोर्ड चकचकीत करतात, आतली अल्कली तशीच ठेवतात. हिवाळ्यात ‘साफ केलेलं’ मशीन पावसाळ्यात पडतं ते यामुळेच.

काम सुरू करण्यापूर्वी हातमोजे आणि चष्मा घाला. कॅडमियम विषारी आहे. भुकटी कोरडी घासू नका, फुंकर मारू नका, खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नका.

मशीनमध्ये हार्ड डिस्क असेल आणि तिच्यावर काही असण्याची शक्यता असेल, तर बोर्डच्या आधी ती काढून बाजूला ठेवा आणि तिची पूर्ण प्रत घ्या. आयडीई डिस्क असली तरी यूएसबी ॲडॉप्टरवर भरवसा ठेवू नका. फार जुन्या डिस्कना फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर या आकड्यांनी जागा सांगायची जुनी भाषाच येते आणि पुष्कळ ॲडॉप्टर ती बोलत नाहीत. खऱ्या आयडीई पोर्टचा चालू पीसी त्यासाठी बरा. सीगेट एसटी-२२५ सारखी त्याआधीच्या पिढीची डिस्क असेल, तर ती आणि तिचं कंट्रोलर कार्ड ही जोडी तोडू नका. दुसऱ्या कार्डवर ती बहुधा वाचली जाणार नाही.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण या डिस्कवर जे असतं ते दुसरीकडे सापडेलच असं नाही. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६० मध्ये चालू झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची नोंद संस्थेने ठेवली, अभ्यासकांनी त्यावर लिहिलं. दादरच्या एखाद्या डीटीपीवाल्याच्या ३८६ ची नोंद कुठे असणार? पण मराठी साप्ताहिकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल अशाच मशीनवर जुळले. काही मशीनमध्ये अजून जिस्ट कार्ड सापडतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं हे तंत्रज्ञान डॉसच्या साध्या टेक्स्ट स्क्रीनवर देवनागरी उमटवत असे. त्यातल्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतातल्या फाइली आज युनिकोडमध्ये आणणं शक्य आहे, कारण १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून नोंदला गेला आहे. फाँटच्या स्वतःच्या संकेतात टाइप केलेल्या फाइलींचं तसं नसतं. त्यांना तो नेमका फाँट लागतो आणि तो बहुतेक वेळा त्याच डिस्कवर असतो. जिस्ट कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसलंय तोच स्लॉट गळतीने खराब झालेला असेल, तर कार्डाच्या सोनेरी पट्ट्याही तपासा. तिथेही तीच भुकटी चढलेली असते.

आता बोर्ड. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक जंपर, म्हणजे सेटिंग ठरवणाऱ्या पिनांवरची छोटी टोपी, स्पष्ट दिसेल असे. बॅटरी अजून लागलेली असेल तर तिचे पाय कटरने कापा. ओढून काढली तर पॅड उखडून येतं. उरलेले पाय सोल्डरिंग आयर्नने काढताना जुनं सोल्डर करडं पडलेलं असेल आणि वितळणार नाही. त्यावर आधी व्हिनेगर लावून पुसा, मग फ्लक्स आणि ताजं सोल्डर घाला, तेव्हा ते हलतं.

यानंतरची पायरी बहुतेक जण टाळतात आणि सगळा फरक तिथेच पडतो. कीबोर्डचं गोल डिन सॉकेट बोर्डवरून पूर्ण उतरवा. ८०४२ सॉकेटमध्ये असेल तर खाच कुठल्या बाजूला होती ते लिहून चिप काढा. बायॉसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, चिपही तशीच. सॉकेटच्या पाकळ्या काळ्या-हिरव्या झाल्या असतील तर सॉकेटही उतरवा आणि नवीन बसवा. ते दहा-वीस रुपयांचं काम असतं. द्रव या सगळ्यांच्या पोटाखाली साठतो आणि ब्रश तिथे पोहोचत नाही.

मग कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावा. फसफसेल. ते थांबेपर्यंत परत परत लावा, मऊ ब्रशने भोकांवर गोल फिरवा. पाच-दहा मिनिटांनी भरपूर डिस्टिल्ड वॉटरने धुवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच पाणी. पहिलं धुणं नळाच्या पाण्याने केलं तरी चालेल, शेवटचं नाही. बोर्ड पाण्याखाली धरायला घाबरू नका. बॅटरी काढलेली आहे आणि वीज नाही, त्यामुळे पाण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पाणी आत राहिलं तर. म्हणून शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिलने पाणी हाकलून लावा आणि वाळवा. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा एसी चालू असलेल्या खोलीत पंख्याखाली दोन दिवस उभं ठेवणं सर्वात सुरक्षित. ओव्हन नको.

वाळल्यावर पुन्हा लिटमस, या वेळी लाल आणि निळा दोन्ही. लाल कागद निळा झाला तर पुन्हा व्हिनेगरपासून सुरुवात. निळा कागद लाल झाला तर व्हिनेगर राहिलंय, पुन्हा धुणं. दोन्ही कागद आपापल्या रंगात राहिले की काम झालं. किती वेळा धुतलं यापेक्षा हा कागद काय सांगतो ते पाहा.

आता ट्रॅक. संशयित भागातला प्रत्येक ट्रॅक मीटरच्या बीपवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा, आणि तपासताना बोर्ड हलकेच वाकवा. भोकांच्या आत तांबं इतकं पातळ होतं की सरळ ठेवलं तर बीप येतो, वाकवलं की जातो. ट्रॅक काळा दिसतोय पण जोडलेला आहे, तर वरचा थर हळूच खरवडून तांबं उजळा आणि सोल्डरचा हात द्या. तुटलेला असेल तर कुजक्या तांब्यावर जोड देत बसू नका. एका चिपच्या पायापासून दुसऱ्या चिपच्या पायापर्यंत बारीक वायरचा जंपर मारा. दिसायला बरं नाही, पण वर्षानुवर्षं टिकतं. संरक्षक लेप द्यायचा असेल तर लिटमस पास झाल्यावरच. आधी दिला तर अल्कली आत कोंडली जाते आणि काम कायमचं अवघड होतं.

नवी बॅटरी कोणती?

निकेल-कॅडमियम पुन्हा बसवू नका. मूळ रूप जपायचं म्हणून तशीच बॅटरी शोधणारे भेटतात. त्यांची भावना मला कळते, पण मूळ रूप फोटोत जपता येतं आणि बोर्ड एकदाच मिळतो. बहुतेक बोर्डांवर बॅटरीजवळ बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा कनेक्टर असतो. त्याची धन-ऋण बाजू मीटरने खात्री करून घ्या आणि शेजारचा जंपर ‘बाहेरची बॅटरी’ या जागी आहे ना ते पाहा. तिथे तीन एए सेलचा होल्डर वायरने जोडा आणि तो कॅबिनेटच्या तळाशी, बोर्डपासून दूर चिकटवा. अल्कलाइन सेलमध्येही पोटॅशियम हायड्रॉक्साइडच असतं, पण गळलं तरी पत्र्यावर गळेल.

कनेक्टर नसेल आणि जुन्या बॅटरीच्याच पॅडवर वायर लावायची असेल, तर मध्ये १एन५८१७ सारखा डायोड घालणं सक्तीचं समजा. ते सर्किट बॅटरीला चार्ज करू पाहतं आणि साधा अल्कलाइन किंवा लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं आहे. सीआर २०३२ चा नाणेसेल सुटसुटीत दिसतो, पण ३ व्होल्टमधून डायोडचा हिस्सा गेला की ३.६ व्होल्टसाठी बनवलेल्या काही बोर्डांना तो पुरत नाही. काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

काही ४८६ बोर्डांवर पिंपाऐवजी डॅलसची डीएस १२८७ नावाची काळी वीट असते. तिची बॅटरी आतच बंद असते. ती संपली तर सेटिंग राहत नाही, पण बोर्ड खराब होत नाही. तशीच पर्यायी चिप सॉकेटमध्ये बसवली की प्रश्न मिटतो. शाळांमध्ये ‘क्लास’ या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पातून आलेल्या बीबीसी मायक्रो संगणकात ही बॅटरीच नाही. तो पावसाळ्यात धूर सोडतो त्याचं कारण वेगळं: पॉवर सप्लायमधल्या पारदर्शक पिवळसर कपॅसिटरला तडे जाऊन आत दमटपणा शिरतो. जुना एक्सटी किंवा एटी पहिल्यांदा लावतानाही हे कपॅसिटर आधी पाहून घ्या. तडे दिसले तर बदलल्याशिवाय २३० व्होल्ट देऊ नका.

मशीन उठलं की तारीख १ जानेवारी १९८० दिसेल आणि ‘सीमॉस चेकसम एरर’ येईल. घाबरायचं कारण नाही, सीमॉस म्हणजे घड्याळाच्या चिपमधली तीच मेमरी, तिचे ६४ बाइट रिकामे झालेत एवढंच. सेटअपमध्ये फ्लॉपी ड्राइव्हचे प्रकार आणि हार्ड डिस्कचे आकडे भरा. एसटी-२२५ असेल तर एटीच्या यादीतला टाइप २, म्हणजे ६१५ सिलिंडर आणि ४ हेड. आयडीई डिस्कचे आकडे तिच्या लेबलवर असतात, ते बहुतेक बायॉसमध्ये टाइप ४७ खाली भरायचे. हे आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. चुकीचे आकडे भरून डिस्कवर काही लिहिलं गेलं तर आतला मजकूर जातो.

ठेवायची जागा मुंबईत सोपी नाही. स्वयंपाकघरावरचा माळा आणि समुद्राकडची गॅलरी टाळा. पहिल्यात वाफ, दुसरीत खारी हवा. भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल भिंतीतूनही येते. प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं असेल तर मे महिन्यात, कोरडं असताना, सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटं हायग्रोमीटर आत ठेवून. जुलैत गुंडाळलं तर दमट हवाच आत बंद होते. त्याच मे महिन्यात एए सेल बदला आणि लिटमस एकदा फिरवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर मशीन चालू ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने ते आतून कोरडं राहतं.

एवढं करूनही जुलैत मशीन पडलं आणि कागद लालच राहिला, तर गळतीला दोष देणं थांबवा. मीटर एसएमपीएसच्या कनेक्टरवर लावा, ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनी पूर्ण येतायत का आणि वीज ठीक असल्याचं बोर्डला सांगणारी ‘पॉवर गुड’ची लाइन वर जातेय का ते पाहा. ते ठीक असेल तर बोर्डवरचे टँटलम कपॅसिटर एकेक करून शॉर्टसाठी तपासा आणि त्यानंतर रॅमकडे वळा.